अमराबातनं घेतलं म्हणून तू इंजेक्शन घेऊ नकोस

चिन्या,

काल तू फोन मधेच ठेवलास. आईला मी सांगितलंय की पत्रात घोट्याचा विषय काढणार नाही, नुसतं बरं-वाईट विचारीन. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि माझा पण आवाज चढतो, म्हणून शांतपणे टाइप करत बसलोय. फुटबॉलच्या ट्रायलचं जे काय होईल ते होईल. तू तिथं पोचलास, एवढ्या पोरांतनं शेवटच्या यादीत नाव लागलं, हे मी पेठेत किती जणांना सांगितलंय ते तुला माहीत नाही. आप्पांना तर रोज सांगतो, ते पण रोज नव्यानं खूश होतात.

पण तू काल जे म्हणालास ना, "अमराबातनं पण इंजेक्शन घेऊनच स्पेनची मॅच काढली, त्याला कोण बोललं का", ते काही डोक्यातनं जात नाहीये बघ.

खरं आहे ते. 6 डिसेंबर 2022, वर्ल्ड कपची मोरोक्को-स्पेन, रात्री साडेआठची मॅच, आपण सगळे विजूकाकाकडं बसून बघितलेली. मोरोक्कोचा मिडफिल्डर सोफियान अमराबात, त्याची पाठ धरलेली, आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत डॉक्टर आणि फिजिओसोबत होता, मॅचच्या आधी इंजेक्शन घेतलं, हे त्यानंच मॅचनंतर सांगितलं. आणि मग एकशेवीस मिनिटं पळाला. स्पेननं पास देऊन देऊन दमवलं पण मधनं वाट काही दिली नाही त्यानं, शेवटी पेनल्टीवर गोलकीपर बूनोनं मारू दिलं नाही आणि हकीमीनं अलगद मधे टाकला. तू तेव्हा चार नंबरचा टी-शर्ट मागितलास. त्या दिवसापासून तू स्ट्रायकर सोडून मधे खेळायला लागलास, मला सगळं आठवतंय.

पण नंतरची एक मॅच पण आठव की. फ्रान्सची सेमीफायनल, रात्री साडेबाराची. मोरोक्कोचा कॅप्टन साईस मांडी दुखत असताना उतरला आणि एकविसाव्या मिनिटाला बाहेर. अगेर्द तर वॉर्मअपमध्येच गेला. मझरावी हाफटाइमला बसला. अमराबात शेवटपर्यंत पळत होता, एम्बाप्पेच्या पायातनं बॉल काढला तो टॅकल तू मोबाईलवर परत परत लावायचास. तुला तेवढाच दिसतो. मला त्या रात्री साईसचं तोंड दिसलं, बाहेर येताना. दुखणं घेऊन उतरलेले सगळेच काही अमराबात होत नाहीत रे.

आणि त्याच्या घरातलंच सांगतो. थोरला भाऊ नॉर्डिन, तो पण मोरोक्कोकडूनच खेळायचा. 2018 ला रशियात, इराणविरुद्ध, डोक्याला मार लागून पडला तर स्टाफमधला माणूस त्याच्या गालावर चापट्या मारून पाणी मारत होता, शुद्धीवर यावा म्हणून. त्याला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी कोण आलं माहितीये? सोफियानच. धाकटा भाऊ. एकाच घरातली दोन पोरं, एक भेलकांडत बाहेर चाललाय आणि दुसरा आत येतोय, त्यांच्या आईनं ते टीव्हीवर बघितलं असंल की स्टेडियममध्ये कुणास ठाऊक, पण बघवलं कसं असंल. नॉर्डिनला रात्र हॉस्पिटलमध्ये काढावी लागली, मॅचमधलं बरंच काही आठवत नव्हतं त्याला. आणि पाच दिवसांनी पोर्तुगालविरुद्ध परत मैदानात! डोक्याला जाळीसारखं काहीतरी बांधलं होतं, ते पण काढून टाकलं मधेच. कोचनं लढवय्या म्हणून कौतुक केलं, पण खेळाडूंच्या संघटनेनं जाम झापलं, आणि बरोबरच झापलं. मॅच तर हरलेच, रोनाल्डोनं चौथ्या मिनिटालाच मारलेला.

तर तू नाव काढलंस अमराबातचं, तर सगळंच काढ. ह्युइझनसारख्या छोट्या गावातनं आला, उत्रेख्तला वाढला, फेयेनोर्डकडं डच कप जिंकला, ब्रुजला फारसं काही जमलं नाही, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. लोनवर व्हेरोनाला गेला आणि तिथल्या एकाच सीझनमध्ये एवढा चांगला खेळला की फिओरेंटिनानं उचलला. तिथं पण मधे काय रोज खेळवत नव्हते. वर्ल्ड कप झाला तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्यानंतर मँचेस्टर युनायटेड, 2024 ची एफए कप फायनल सिटीविरुद्ध पहिल्या अकरात, मग फेनरबाचे, मग बेटिस. म्हणजे एक ट्रायल, एक क्लब, एक कोच यावर त्याचं काही अडलं नाही. तू एकोणीसचा आहेस. तुझ्या मागं पण डॉक्टर तीन वाजेपर्यंत बसणार आहे का? तिथं रूमवर मेडिकलमधनं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या खाऊन उतरतोस तू.

लेक्चर झालं. सॉरी. तुला लेक्चर आवडत नाही ते माहितीय.

पण विजूकाकाला बघतोस ना जिना चढताना. शाहू स्टेडियमवर एका फायनलला गुडघ्यात सुई टोचून उतरलेला, तेव्हा आम्ही सगळे आरडाओरडा करून नाचलेलो, खांद्यावर घेतलेला त्याला. अजून लोक त्या मॅचचं नाव काढतात. गुडघ्याचं कुणी विचारत नाही, तो पण सांगत नाही. त्याच्यासारखा बॉल थांबवणारा मी तरी कुणी बघितला नाही, आणि तुझा पहिला टच अगदी तसाच आहे, हे मी तुझ्यासमोर कधी बोललो नाही.

घोटा सुजलाय हे मला ताईकडनं कळलं. तिला कसं कळलं ते विचारू नकोस आणि त्या पोरावर चिडू नकोस, त्यानं बरंच केलं. बूट काढल्यावर मोज्याची खूण खोल उमटते आणि बोटानं दाबलं की खड्डा पडतो, असं तो म्हणाला. असल्या पायावर तू शनिवारी खेळणार? कोचना सांग. पोरगा दुखतंय म्हणाला म्हणून जे लोक यादीतनं काढतील, ते उद्या पाय गेल्यावर कशाला विचारतील तुला?

आईनं लाडू पाठवलेत, खा. आप्पा विचारतात कधी येणार. मी काय ये म्हणत नाही, तू तिथंच थांब, खेळ.

शुक्रवारी सकाळी एमआरआय करून घे, पैसे सकाळी टाकलेत, ताईनं तिथल्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, नंबर तिच्याकडून घे. रिपोर्ट आला की आधी मला पाठव. आणि आज रात्री त्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो टाक, किती उरल्यात ते दिसलं पाहिजे.

बाबा