सुगंध निवडायला एक दिवस तरी द्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर परफ्यूमची खरेदी जोरात असते, म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी माझ्या मुलीने पहिल्या पगारातून स्वतःसाठी परफ्यूम घ्यायचे ठरवले. मॉलमधल्या दुकानात विक्रेत्याने एकामागून एक आठ-दहा कागदी पट्ट्या तिच्या नाकाशी धरल्या, पाचव्या पट्टीनंतर तिला कशातलाच फरक कळेना, आणि अखेर संत्र्यासारखा ताजा वाटलेला वास पसंत करून तिने १०० मिलिलिटरची बाटली घेतली. संध्याकाळी लोकलमध्ये मनगट नाकाशी नेले तेव्हा संत्र्याचा मागमूस नव्हता. उरला होता व्हॅनिलाचा जड गोडवा, ज्याने तिचे डोके दुखू लागले. उघडलेली बाटली दुकानाने परत घेतली नाही.

लिंबू, संत्रे यांचे वास अल्कोहोलपाठोपाठ पंधरा-वीस मिनिटांत उडून जातात, मग गुलाब-मोगऱ्यासारखी फुले जाणवू लागतात, आणि चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे वास तासन् तास अंगावर राहतात. दुकानात आपण पसंत करतो तो पहिला वास. दिवसभर सोबत असतो तो शेवटचा. शिवाय कागदाला अंगाची ऊब नसते, घाम नसतो, त्वचेचा तेलकटपणाही नसतो.

मोहम्मद अली रोडवरचे जुने अत्तरवाले ही गोष्ट जाणून असतात. नंतर मुलीला घेऊन मी तिकडे गेले. दुकानदाराने काचेच्या काडीने वाळ्याचे अत्तर तिच्या एका मनगटावर आणि हिना दुसऱ्यावर लावले, तिसरे काही दाखवायला नकार दिला आणि सांगितले, ‘जरा फिरून या, संध्याकाळपर्यंत बघा.’ उत्तर प्रदेशातल्या कनौजला पारंपरिक पद्धतीने ही अत्तरे काढताना तांब्याच्या देगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुले, मुळे उकळून त्यांची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनतेलात उतरवतात. त्यांत अल्कोहोल नसल्याने सुरुवातीचा भपकारा नसतो, वास सावकाश उलगडतो. हिना थंडीत बरा. आपल्या दमट उन्हाळ्यात वाळाच सुखाचा, असे माझी आई म्हणत असे. तिच्या कानात अत्तराचा फाया असायचा, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या मनगटावर ती वाळ्याचेच बोट फिरवायची. संध्याकाळी मुलीच्या मनगटावर पावसाने भिजलेल्या मुळांसारखा तो गार वास तसाच दरवळत होता. तिने तीन मिलिलिटरची कुपी घेतली. तेच अत्तर मी लावले तर माझ्या अंगावर ते कडवट वाटते, याचे मला अजूनही नवल वाटते.

परफ्यूम वाईट आणि अत्तर चांगले, असे मला अजिबात म्हणायचे नाही. अत्तरवाल्याकडे मिळते ती सवड मोठ्या दुकानांतही मिळावी, एवढीच मागणी आहे. प्रत्येक परफ्यूमची दोन-तीन मिलिलिटरची कुपी माफक दरात विकायला ठेवावी आणि ग्राहकाला एका वेळी दोनच वास, तेही त्वचेवर, लावून पाहू द्यावेत. आपल्या दैनिकाच्या दिवाळी पुरवणीत परफ्यूमच्या जाहिराती असतातच. त्यांच्या शेजारी सुगंध कसा पारखावा याची चार ओळींची माहिती दिलीत, तर पहिल्या पगाराचे पैसे घेऊन दुकानात जाणाऱ्या मुलामुलींना तिचा उपयोग होईल.

कळावे,
आपली नियमित वाचक,
डोंबिवली