गोळी सोडली, पण कशी?

डिप्रेशनच्या गोळ्या सोडून योगाकडे वळलेल्या गृहस्थांचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. योगाला माझा विरोध नाही, पण गोळ्या डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडल्या की एका झटक्यात, हे लेखात कुठेच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. माझ्या मोठ्या भावाने 'आता बरं वाटतंय' म्हणून पॅरॉक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, झोप नाही, आणि एरवी शांत असणारा हा माणूस ठाणे स्टेशनला रिक्षाच्या रांगेत सुट्ट्या पैशांवरून हमरीतुमरीवर आला. आम्हाला वाटलं आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, गोळी अचानक तुटल्याचा त्रास आहे हा, पॅरॉक्सेटिन, वेनलाफॅक्सिन या डिप्रेशनच्या गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात म्हणून दोन-चार दिवसांतच जाणवतं. (बायपोलर आजारात देतात ते लिथियम असं थांबवलं तर मेनिया, म्हणजे बेफाम उत्तेजित अवस्था, उसळायचा धोका, ते आणखी वेगळंच.) पुढे डोस थोडा थोडा कमी करत पाच महिन्यांनी त्याची गोळी सुटली, म्हणजे सुटते हो. असे लेख छापताना खाली 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर तरी द्या, २४ तास चालू असतो.

– एक वाचक, कळवा (ठाणे)