बाटलीतलं शहर

क्लीव्हलँड, ओहायो
रविवार

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

"पोराला ती सुपरमॅनची चोपडी कशाला आणून देतेस? त्यात आपलं काय आहे?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर याचं उत्तर होत नाही. मधेच आई कुकरकडे पळते आणि तुम्ही बातम्यांचा आवाज वाढवता. म्हणून लिहायलाच बसले.

पहिली गोष्ट म्हणजे सुपरमॅन आमच्या गावचा. ग्लेनव्हिल नावाची जुनी वस्ती आहे इथे. तिथे किंबर्ली अव्हेन्यूवर एक साधं लाकडी घर आहे आणि त्याच्या कुंपणावर सुपरमॅनचं लाल-पिवळं चिन्ह लावलंय. सुपरमॅनच्या गोष्टी लिहिणारा जेरी सीगल या घरात राहायचा. त्याची चित्रं काढणारा मित्र जो शुस्टर थोडं पलीकडे. शुस्टरचं घर केव्हाच पाडलं, पण त्या जागेच्या कुंपणावर सुपरमॅनच्या पहिल्या गोष्टीची पानं मोठी करून लावली आहेत. आमचे चिरंजीव वाचत वाचत कुंपणाच्या कडेने सरकत होते आणि समोरच्या घरातल्या एक आजी पायरीवर बसून आमच्याकडे बघत होत्या. असल्या यात्रेकरूंची त्यांना सवय असणार.

दोघंही १९१४ सालचे. सीगलचे आईवडील लिथुआनियातून आलेले ज्यू, वडिलांचं जुन्या कपड्यांचं दुकान. शुस्टरचे वडील रॉटरडॅमचे, आई किएवची, आणि हा जन्मला टोरांटोत. मग लहानपणीच बिऱ्हाड इकडे आलं. घरात इतकी ओढाताण की चित्रं काढायला कागद नसायचा, तर पोरगा वॉलपेपरच्या पाठीवर काढायचा. १९३२ मध्ये सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्याच धक्क्यात ते गेले. म्हणून मुलाने गोळी न लागणारा माणूस रचला, असं काही जण लिहितात. असेलही. मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं. बाप गेल्यावर मुलाच्या डोक्यात काय चालतं, ते इतकं सरळ कुठे असतं?

सुपरमॅन आला तो पहिला अंक १९३८ चा. त्याची सुरुवात वाचून मला गंमत वाटली. क्रिप्टन नावाचा ग्रह फुटायला आलाय, बाप बाळाला यानात घालून सोडून देतो, इथवर तुम्हाला माहीत असेल. इथले लोक म्हणतात ही टोपलीत घालून नदीत सोडलेल्या ज्यूंच्या मोझेसची गोष्ट. मला कर्ण आठवला, तुम्हालाही तोच आठवला असता. पण पुढे काय होतं बघा. रस्त्याने जाणारा एक मोटारवाला ते बाळ उचलतो आणि अनाथाश्रमात नेऊन देतो. संपलं! जन्मदाखला नाही, व्हिसा नाही, क्रिप्टनचा कोटा किती हे कोणी विचारत नाही. आणि त्या काळात देशादेशाचा कोटा चांगलाच कडक होता. १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपातून येणाऱ्यांची वाट जवळजवळ बंद झाली होती, आणि आपल्यासारख्या आशियातल्या लोकांना तर दारच नव्हतं. ते खऱ्या अर्थाने उघडलं १९६५ च्या कायद्याने. त्यातही एका देशाला ठरावीक वाट्याहून जास्त नाही, ही अट अजून आहे, आता सात टक्के. आमची ग्रीन कार्डाची फाइल त्याच अटीपायी पडून आहे, हे तुम्हाला पुन्हा सांगत नाही. तर कागदपत्रांविना आलेलं मूल या दोघांनी देशाच्या गळ्यात घातलं, आणि देशाने ते मांडीवर घेतलं.

त्या दोघांना काय मिळालं? सगळ्या हक्कांचे मिळून १३० डॉलर. अंक छापणाऱ्या कंपनीने ४१२ डॉलरचा चेक दिला, त्यात इतर कामाचे पैसेही होते. चेकवर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली, म्हणून मागे दोनदा सह्या कराव्या लागल्या, एकदा चुकीच्या नावाने आणि एकदा खऱ्या. माझ्या पहिल्या पगाराच्या वेळचा घोळ तुम्हाला आठवत असेल, त्यामुळे हे वाचून मी एकटीच हसले. २०१२ मध्ये तोच चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. त्या दोघांना मात्र म्हातारपणी भांडून, १९७५ मध्ये, वर्षाला २० हजारांचं मानधन आणि अंकावर नाव मिळालं.

आता मुद्द्याचं सांगते. नातवाने तुम्हाला "मिरजेला समुद्र आहे का?" असं विचारलं आणि तुम्ही गप्प झालात, हे आईने मला सांगितलं. तुम्हाला वाटलं, दीड वर्षाचा इथून गेला आणि आता याला कृष्णाही आठवत नाही.

बाबा, सुपरमॅनलाही आठवत नव्हतं. क्रिप्टन वाचकांना ठाऊक होतं, पण त्याला स्वतःला अकरा वर्षं पत्ता नव्हता. इमारती उचलायचा, आगगाड्या थांबवायचा, आपण असे का आहोत हे मात्र त्याला कळायचं नाही. ते कळलं १९४९ मध्ये, 'सुपरमॅन'च्या ६१ व्या अंकात. त्यात एक भोंदू स्वामी आहे (हो, स्वामीच! आपल्याकडचा वेष घातल्याशिवाय यांना भोंदू सुचत नाही). त्याच्या फेट्यातल्या खड्याजवळ गेलं की सुपरमॅनला घेरी येते. खडा आला कुठून हे शोधत तो काळात उलटा जातो आणि एका अनोळखी ग्रहावर पोचतो. तिथे त्याला कोणी पाहू शकत नाही, त्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. एक जोडपं तान्ह्या बाळाला यानात ठेवताना त्याला दिसतं. कोण ते कळत नाही. यानाच्या मागे मागे तो उडत येतो, ते शेतात पडतं, आणि बाळाला उचलणारी माणसं ओळखीची निघतात: त्याचेच इथले आईबाप (मोटारवाल्याची गोष्ट मधल्या काळात बदलली होती)! तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की ते बाळ आपण, आणि मघाशी आपण ज्यांच्याजवळ उभे होतो ते आपले जन्मदाते. ते पान मी उभ्याउभ्या वाचत होते, मग खाली बसले.

आणि एकदा कळल्यावर त्याला क्रिप्टनचं वेडच लागतं. १९५८ मध्ये त्याला कँडोर सापडतं. क्रिप्टनची ही राजधानी ग्रह फुटायच्या आधीच एका खलनायकाने आकसवून बाटलीत भरलेली. आत रस्ते, माणसं, सगळं जिवंत. सुपरमॅन ती बाटली उत्तर ध्रुवाजवळच्या आपल्या गडावर नेऊन ठेवतो आणि कधीमधी स्वतः बारीक होऊन आत जातो. आत त्याची ताकद चालत नाही, तिथे तो चारचौघांसारखा.

आमचं महाराष्ट्र मंडळ म्हणजे हे कँडोर, बाबा. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये जमतो, तिथे नऊवारी, ढोल आणि मोदकांवरून भांडणं सगळं असतं, पण मिरज ज्या साली सोडली त्याच सालची. तुम्ही तिथे पुढे गेलात, आम्ही बूच घट्ट लावून बसलोय. मला आवडतं तिथे जायला, कारण तिथे माझं नाव कोणाला अक्षर अक्षर सांगावं लागत नाही. पोरगा मात्र कंटाळतो आणि बाहेर पार्किंगमध्ये चेंडू खेळतो. ती बाटली त्याची नाहीच, माझी आहे.

मी खरं तर सुपरगर्ल. ही त्याची चुलत बहीण, १९५९ ची. क्रिप्टनच्या तुटून उरलेल्या तुकड्यावर वाढलेली, पायाखालची मातीच विषारी झाली म्हणून बापाने इकडे पाठवलेली. तिला सगळं आठवतं. आणि आल्याआल्या भाऊ काय करतो? घरी नेत नाही. सोनेरी केसांवर तपकिरी टोप घालायला लावतो, लिंडा ली असं नाव देतो आणि अनाथाश्रमात ठेवतो. सांगतो काय, तर आपली शक्ती कोणाला दिसता कामा नये. जवळजवळ तीन वर्षं ती अशी लपून राहते. तो मोठा उदार, सगळ्या जगाला वाचवणारा, आणि गावाकडची पोरगी आली की हा अवघडतो. आधी येऊन स्थिरावलेले आपले लोक असेच असतात, याची दोन-तीन उदाहरणं आईला तोंडपाठ आहेत.

बाकीचे नायकही असेच कुठून कुठून आलेल्यांचे. हिटलरच्या तोंडावर ठोसा मारणारा कॅप्टन अमेरिका डिसेंबर १९४० मध्ये दुकानात आला, अमेरिका युद्धात उतरायला अजून वर्ष होतं. काढणारा जॅक कर्बी, म्हणजे मूळचा जेकब कर्टझबर्ग, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवरचा ज्यू मुलगा. पण मला या सगळ्यांत एक खोट दिसते. सुपरमॅन गोरा आहे. चष्मा लावला, केस विंचरले, की झाला इथला. आम्ही चष्मा लावला तरी दुकानातला माणूस "मूळचे कुठले?" म्हणतोच. म्हणून नातवाचा आवडता वेगळा आहे. १९७५ मध्ये एक्स-मेन या अचाट शक्तीच्या नायकांची नवी तुकडी आली, त्यात केनियाहून आलेली स्टॉर्म होती, सायबेरियाचा कोलोसस होता आणि जर्मनीचा नाइटक्रॉलर. निळा रंग, शेपूट, हाताला तीनच बोटं. त्याला चष्मा लावून लपायची सोयच नाही. पोरगा निळ्या पेनाने हात रंगवून बसतो, धुवायला मला लागतात.

तुमच्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (इंग्रजीतला फँटम, जंगलातला गोरा नायक) मात्र मला आता परवडत नाही. एकवीस पिढ्या त्याच जंगलात राहिला, पण तिथला झाला नाही. कवटीच्या सिंहासनावरून कारभार केला आणि त्याला कोणी "परत कधी जाणार?" विचारलं नाही. बाहेरून यावं तर असं!

कँडोरचं पुढे काय झालं ते राहिलं. १९७९ मध्ये सुपरमॅनला एकदाची युक्ती सापडते आणि तो दुसऱ्या एका ग्रहावर ते शहर मूळ आकाराचं करतो. माणसं नीट मोठी होतात, इमारती मात्र भुगा होऊन पडतात. पण लोक परत बाटलीत जात नाहीत, तिथेच नव्याने बांधायला लागतात.

नातवाला तुम्ही स्वतः पत्र लिहा. आपली संस्कृती वगैरे नको, तो पान उलटेल. सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा कसा होतो ते लिहा, जमलं तर चित्र काढून. मराठी तो अडखळत वाचतो, म्हणून अक्षर मोठं काढा, जोडाक्षरं येऊ द्या. जूनमध्ये आम्ही येतोय, तिकिटं काढली आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वेताळाचे जुने अंक आहेत, दिवाळीच्या साफसफाईत आईला ते रद्दीत घालू देऊ नका. परवडत नाही म्हटलं तरी मला ते हवेत.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळवा.

तुमची,
बेबी