टायरच्या बिलावर त्याचं वयही लिहा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नवी गाडी कोणती घ्यावी यावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत पानंच्या पानं भरून येतं. तीच गाडी तीन-चार वर्षं पळाली, टायर गोटा झाले की मग काय करायचं, याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीवाल्यांची तर याबाबतीत अधिकच फरफट होते. माझी हयात एस.टी.च्या आगारात, टायर विभागात गेली. त्यामुळे चार शब्द लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

मुलाने घेतलेली हायब्रिड एसयूव्ही सध्या मीच जास्त चालवतो. अमळनेरहून धुळे, जळगाव, कधी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून संभाजीनगर. कंपनीने दिलेले टायर घासले म्हणून बदलायला निघालो, तर दुकानात प्रश्न एकच: "बजेट किती?" दुसरी माहिती द्यायची कोणाची तयारी नव्हती. मी उकिडवा बसून टायरवरची अक्षरं वाचायला लागलो तसा कामावरचा पोरगा हसून म्हणाला, "आबा, इतला इचार कसाले करतस?"

इचार का करायचा ते सांगतो. हायब्रिडसाठी ज्यादा पैसे मोजले ते मायलेजसाठी. आमच्या गाडीचा कागदावरचा आकडा लिटरला 27.97 किलोमीटर. रस्त्यावर तेवढं मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जे मिळतं त्यातला एक वाटा टायरच्या हाती असतो. टायर फिरताना दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात ताकद वाया जाते. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. कंपनी नव्या गाडीला टायर बसवते तेव्हा मायलेजचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून हा विरोध कमी असलेला टायर निवडते. बाजारात तुम्ही नुसतं माप सांगून टायर घेतला तर तो त्याच जातीचा असेलच असं नाही. मग महिन्याभरात गाडीवाला म्हणतो, बॅटरी बसली वाटतं! बॅटरी ठणठणीत असते. शिवाय नव्या टायरची नक्षी खोल, रबर जास्त, म्हणून तो घासलेल्या टायरपेक्षा सुरुवातीला थोडं जास्त तेल खातोच. तेवढ्यावरून लगेच दुकानदाराशी भांडू नये.

दुसरी गोष्ट आवाजाची. हायब्रिड गाडी बाजारपेठेतून जाताना बराच वेळ इंजिन बंदच असतं, मोटरवर चालते. डिझेल गाडीत इंजिनाच्या घरघरीखाली टायरचा आवाज दबून जातो, इथे तो उघडा पडतो. सिमेंटच्या रस्त्यावर तर विचारूच नका. आमच्या सौभाग्यवती शेजारी बसल्या बसल्या म्हणाल्या, "इंजिन बंद आहे म्हणता, मग हे घोंगावतंय काय?" जुने टायर खाली उतरवल्यावर मी नक्षीवरून तळहात फिरवला. एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा अडकतो. आगारात आम्ही हे पहिल्या दिवशी शिकायचो: हात असा अडकला की चाकांची सरळ रेषा बिघडलेली आहे. अलाइनमेंट न करता त्यावर नवा टायर चढवला तर तोही काही महिन्यांत असाच होणार, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो.

पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर जातात तेही समजून घ्यायला हवं. या गाड्यांमध्ये मोटरचा जोर पुढच्या चाकांवर, आणि तोही पाय ठेवल्याबरोबर. ब्रेक दाबला की वीज परत बॅटरीत जाते, तीही याच चाकांमधून. म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केलेच पाहिजेत. आणि दोनच नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे बसवावेत. हे लिहिताना माझाच हात थांबतो, कारण एस.टी.त आम्ही उलटं करायचो. नवा टायर पुढे, रिमोल्ड म्हणजे जुन्यावर रबर चढवलेला मागे. पण तिथे प्रश्न रिमोल्डच्या भरवशाचा होता. छोट्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

ओल्या रस्त्याचं आमच्याकडचं रूप पुण्या-मुंबईकरांना कळणार नाही. पहिल्या पावसात शेतातून ट्रॅक्टर निघतात आणि चाकांना लागलेली काळी माती डांबरावर पसरते. वरून नुसती भुरभुर आली तरी साबण फासल्यासारखा रस्ता होतो. म्हणून मायलेज, मायलेज करत नुसता कडक, कमी विरोधाचा टायर घेणं मला पटत नाही. ओल्यातली पकड आणि कमी विरोध दोन्ही साधायचं तर रबरात सिलिका वगैरे घालावं लागतं, त्याचे पैसे पडतात. ते द्यावेत. नक्षीच्या खाचेत 1.6 मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात, तिथपर्यंत टायर घासला की तो संपला. मी तर म्हणतो, पावसाळा तोंडावर असेल तर तिथपर्यंत थांबूच नका.

दुकानदाराने मला आणखी एक आग्रह केला: सतरा इंची रिम काढा, अठराचे अलॉय टाका, रुंद टायर घ्या, गाडीला रुबाब येईल. आमच्या टायरवर 215/60 आर 17, 96 एच असं लिहिलंय. 215 ही मिलिमीटरमधली रुंदी, 60 म्हणजे तिच्या साठ टक्के उंचीची साइडवॉल (टायरची कडेची भिंत), म्हणजे 129 मिलिमीटर. खड्ड्यातला धक्का कमरेपर्यंत पोचू न देणारी हीच ती भिंत. रिम मोठी केली की भिंत बुटकी होते. फागण्यापासून तरसोदपर्यंत रस्ता कितीही चांगला झाला असला तरी गावात शिरल्यावर खड्डे आहेतच, आणि कंबर माझी आहे, दुकानदाराची नाही. 96 म्हणजे एका टायरने पेलायचं वजन, 710 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरची मर्यादा. वेगाचं मला देणंघेणं नाही, पण वजनाचा आकडा कमी असलेला टायर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये.

हवेचं थोडक्यात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो. दुपारी पंपावर पोरगा मीटर लावतो, आकडा जास्त दिसतो आणि विचारतो, "हवा कमी करू का?" करू देऊ नका! दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो. तापलेल्या टायरची हवा काढली की सकाळी ती कमी भरते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि हायवेवर फुटतो. सकाळी, गाडी निघण्याआधी हवा बघावी.

आता मूळ तक्रार. जून 2022 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा सक्तीच्या करणारी अधिसूचना काढली. फ्रिजला तारे देणाऱ्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची टायरसाठीही ताऱ्यांची योजना आहे. म्हणजे मोजमाप झालेलं आहे, आकडे अस्तित्वात आहेत. मग मी ज्या दुकानांत गेलो तिथे ते का दिसले नाहीत? एका ठिकाणी ताऱ्यांबद्दल विचारलं तर "ते एसीला असतं काका" असं उत्तर मिळालं. काही टायरांवर ट्रेडवेअर म्हणून, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा, आकडा असतो, तो दाखवून "हा 400चा, जास्त चालेल" असं सांगितलं जातं. पण ही चाचणी प्रत्येक कंपनी आपापल्या टायरची करते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत त्याचा उपयोग होतो, दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला फारसा नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते तारखेवरून. टायरच्या कडेला डी.ओ.टी. या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालातला 23वा आठवडा. मला "फ्रेश माल" म्हणून दाखवलेल्या जोडीतला एक टायर दुसऱ्यापेक्षा चांगला वर्षभर जुना होता. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्याकडचे दोन उन्हाळे काढलेलं रबर आणि कारखान्यातून नुकतं आलेलं रबर एकाच भावात का घ्यावं? 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा त्याआधीच्या मालावरचा छापील भाव तसाच धरला जातोय का, हेही गिऱ्हाइकाने बघायला हवं.

शेवटी मी दुसऱ्या गावातून, त्याच मापाचे, कमी विरोधाचे आणि ओल्यात पकड असणारे चार टायर घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. तारखा मी स्वतः वाचल्या, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग समोर उभं राहून करून घेतलं.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या टायर विक्रेत्यांना आपल्या वर्तमानपत्रामार्फत माझी एवढीच विनंती आहे: बिलावर टायरचं नाव आणि माप लिहिता, तिथेच निर्मितीचा आठवडा आणि वर्षही लिहा, आणि तारे मिळाले असतील तर किती तेही. ग्राहक संघटनांनी हा विषय हातात घ्यावा. आमच्या तालुक्यात कोणी पुढाकार घेणार असेल, तर टायर वाचायला शिकवायला मी फुकट यायला तयार आहे.

आपला,
एस.टी.चा एक निवृत्त कर्मचारी
अमळनेर, जि. जळगाव