चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा रेनकोट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी मेमध्ये आमच्या गिरगावातल्या चाळीची दुरुस्ती 'पूर्ण' झाली. जुलैत माझ्या खोलीतलं घड्याळ खिळ्यासकट खाली आलं. पश्चिमेची भिंत, म्हणजे पावसाच्या तोंडावरची. खिळ्याच्या भोकात बोट घातलं तर आत ओलं पीठ. पेराने ठोकत गेले, कॅलेंडरपासून मोरीपर्यंत सगळी भिंत पोकळ वाजली. उलथण्याने थाळीएवढा पोपडा सहज निघाला. मागे ओलीचिंब वीट आणि विटेत शिरलेलं सागवानी तुळईचं टोक. विणायची सुई टोचून पाहिली, निम्मी आत गेली. ही तुळई माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून वरच्या बिऱ्हाडाचा भार घेते आहे.

आमची चाळ सप्टेंबर 1940च्या आधीची, म्हणजे सेसच्या (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराच्या) भाषेत 'अ' वर्गातली. वीट, चुना आणि लाकूड. अशा भिंतीत पावसाचं पाणी शिरतं आणि ऊन पडलं की चुन्यातून बाहेरही पडतं. दुरुस्तीत तिच्यावर बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा चढवला गेला. मग सिमेंटला तडा गेला. केसाएवढा असला तरी पाण्याला तेवढा पुरतो, आणि आत गेलेल्या पाण्याला परतीची वाट नाही. ते मुरतं तुळईच्या टोकाशी, जिथे कोणाची नजर जात नाही. गल्लीतले एक म्हातारे गवंडी पोपडा हातात चोळून म्हणाले, "वहिनी, चुन्याच्या भिंतीला घाम येतो. तिला रेनकोट घातलात तर घाम आतच मुरणार."

हे मी काम चालू असतानाच कंत्राटदाराला विचारलं होतं. "काकू, सिमेंट मजबूत असतं, आणि एस्टिमेटमध्ये चुना नाहीच." दुसरं वाक्य खरं होतं. मी कागद मागून वाचला. बँकेत तीस वर्षं आकडे तपासल्यामुळे ती खोड जात नाही. सिमेंट होतं, गर्डर होते, रंग होता. चुना एका ओळीतही नव्हता. गंमत म्हणजे याच शहरात चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे.

मला जुन्या गोष्टींचा उमाळा म्हणून हे लिहीत नाही. 31 ऑगस्ट 2017ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. जी इमारत खरंच धोकादायक आहे ती रिकामी करा, पाडा. गॅलरीतल्या कठड्याच्या नक्षीसाठी कोणी मरू नये. पण जी दुरुस्त होण्यासारखी आहे तिला दुरुस्तीनेच कुजवायचं, याला काय म्हणावं?

चुन्याचं काम देवळं-राजवाड्यांना परवडतं, असं लोक म्हणतात. माझ्या घरापासून पायी वीसेक मिनिटांवर रॉयल ऑपेरा हाउस आहे. 1993मध्ये बंद पडलं, जीर्णोद्धार होऊन 2016मध्ये उघडलं. मी जाऊन पाहिलं, डोळे निवले. पण ते नाट्यगृह. तिथे कोणाची चूल नाही की मोरी नाही. म्हणून उदाहरण देते मुंबई सेंट्रलच्या लाल चिमणी कंपाउंडचं. पारशी ट्रस्टची भाड्याची घरं. वास्तुरचनाकार विकास दिलावरींनी त्यांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. राजवाडा नव्हे, भाडेकरूंची घरं.

चुन्याला वेळ लागतो, मान्य. तो भिजत घालावा लागतो, थर वाळू द्यावे लागतात, हात बसलेले गवंडी कमी झालेत. काम मागितलंच नाही तर उरलेलेही जातील. दक्षिण मुंबईत अशा सेसच्या इमारती हजारोंनी आहेत. कामाला तोटा नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. एस्टिमेट करण्याआधी चार ठिकाणी गिलावा फोडून तुळयांची टोकं उघडी करून बघा. भिंत चुन्याची असेल तर एस्टिमेटमध्ये चुना लिहा. आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत थांबवा. आमचा हप्ता मेमध्येच चुकता झाला होता, घड्याळ पडायच्या दोन महिने आधी.

आता ते घड्याळ मी लाकडी खांबाला टांगलं आहे. संबंधित अधिकाऱ्यांपैकी कोणाला भिंत बघायची असेल तर जुलैत यावं, कोरड्या दिवसांत ती शहाण्यासारखी दिसते. दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. चढताना जरा वाकून, पहिल्या वळणावर टेकू आहे. तो दुरुस्तीच्या आधीही होता.

— एक भाडेकरू, ठाकूरद्वार, गिरगाव