ट्रॅक्टरला बसचे गणित लावू नये

संपादक महोदय,

नैसर्गिक वायूवर बस आणि टॅक्सी सुरळीत धावतात, तेव्हा ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रेही तशीच चालतील, असा युक्तिवाद अलीकडे वारंवार वाचनात येतो. तो अर्धाच खरा आहे. बस रोज रात्री आगारात परतते आणि तिथेच वायू भरून घेते. ट्रॅक्टर मात्र नांगरणीच्या दिवसांत सलग दहा-दहा तास जोर लावून चालतो आणि पंप शेतापासून लांब असतो.

अडचणीचे मूळ टाकीच्या आकारमानात आहे. 200 बार (हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट) दाबाने भरलेल्या सीएनजीत, म्हणजे दाबलेल्या नैसर्गिक वायूत, तेवढ्याच जागेतल्या डिझेलच्या जेमतेम पाव पट ऊर्जा मावते. म्हणजे तासाला 6 लिटर डिझेल लागणाऱ्या ट्रॅक्टरला दिवसभरासाठी 60 लिटरच्या टाकीऐवजी सुमारे 240 लिटरचे सिलिंडर वागवावे लागतील, आणि ते पोलादी असतील तर वजन दोन क्विंटलांच्या वर जाईल. ते बसवायचे कुठे? टपावर बसवले तर उतारावर यंत्र कलंडण्याची भीती, खाली बसवले तर ढेकळे आणि धसकटे लागण्याची. द्रवरूप नैसर्गिक वायूला जागा कमी लागते, परंतु तो उणे 162 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागत असल्याने हंगाम सरल्यावर उभ्या राहणाऱ्या यंत्राच्या टाकीत तो हळूहळू उकळून जातो.

डिझेल इंजिनात मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, नुसत्या दाबाने पेटत नाही. त्यामुळे एकतर स्पार्क प्लग बसवून इंजिनात मोठे फेरफार करावे लागतात, किंवा थोड्या डिझेलने वायू पेटवून दोन्ही इंधने एकत्र जाळावी लागतात. शेतीला मला दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, कारण वायू मध्येच संपला तरी काम डिझेलवर पुरे होते. शिवाय जिथे मोठा गोठा आहे, तिथे शेणाच्या बायोगॅसमधून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकल्यास इंधन जागेवरच मिळते आणि पंपाचा प्रश्न बराचसा सुटतो. (न्यू हॉलंड या कंपनीने मिथेनवरचा ट्रॅक्टर बाजारात आणलाही आहे.)

मात्र दोन इंधनांच्या याच इंजिनांतून, विशेषतः हलक्या कामाच्या वेळी, न जळलेला मिथेन धुराबरोबर सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो, आणि डिझेलच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइडमध्ये होणारी सुमारे 25 टक्क्यांची बचत थोड्याशा गळतीनेही पुसली जाऊ शकते. तेव्हा अशा यंत्रांना सवलती देण्यापूर्वी ही गळती, तीही शेतातल्या कमी-अधिक भारावर, मोजून जाहीर करण्याची अट उत्पादकांना घालावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक