सार्वजनिक आरोग्याची पदवी हा दुय्यम पर्याय नव्हे

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीतला आरोग्यक्षेत्रातील अभ्यासक्रमांवरचा लेख वाचला. सार्वजनिक आरोग्याच्या पदवीचा उल्लेख त्यात ‘वैद्यकीय प्रवेश न मिळाल्यास’ या उपशीर्षकाखाली, शेवटच्या दोन ओळींत आला आहे. मी हा विषय पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. याच समजुतीने आलेली, मनातून खट्टू झालेली मुले दरवर्षी पहिल्या तासाला समोर बसलेली असतात. पालक विचारतात, “डॉक्टर होणार नाही, मग होणार तरी काय?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर दोन ओळींत मावत नाही.

१८५४च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या पत्त्यांवरून ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला, एवढी गोष्ट बहुतेकांना माहीत असते. दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हेही मी वर्गात मुद्दाम सांगते. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो या गोष्टीतला दुसरा माणूस. हेन्री व्हाइटहेड हे तिथल्या चर्चचे तरुण धर्मोपदेशक होते, वैद्यकीय शिक्षण काहीच नव्हते. स्नो यांचे म्हणणे त्यांना पटले नव्हते, किंबहुना ते खोडून काढायलाच ते घरोघर फिरू लागले. कोण कुठले पाणी प्यायले, कोण आजारी पडले, कोण वाचले, हे ते विचारत गेले. लोक त्यांना ओळखत असल्याने मोकळेपणाने बोलले. शेवटी व्हाइटहेड यांचे स्वतःचेच मत बदलले. साथीची सुरुवात बहुधा जिथून झाली ते घरही त्यांनीच शोधले. ४० क्रमांकाच्या त्या घरात एक तान्हे बाळ जुलाबाने आजारी पडले होते. त्याचे कपडे धुतलेले पाणी आईने घरापुढच्या मैलाकुंडात ओतले होते आणि ते कुंड पंपाच्या विहिरीला जवळजवळ लागूनच होते.

स्नो यांच्याकडे शास्त्र होते, व्हाइटहेड यांच्याकडे वस्तीची ओळख आणि चिकाटी होती. दोन्ही एकाच माणसात तयार करणे, हे या पदवीचे काम आहे असे मी मानते.

विषय म्हणाल तर साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य, आरोग्य धोरण, आरोग्य शिक्षण, माणसांच्या सवयींचा अभ्यास. यांपैकी संख्याशास्त्राला मुले सर्वांत जास्त घाबरतात, आणि तेच त्यांना पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते. एक उदाहरण देते. एखादा आजार हजारात एकाला आहे. त्याची चाचणी शंभर आजाऱ्यांपैकी ९९ जणांना बरोबर पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ९९ जणांना बरोबर निरोगी ठरवते. अशी चाचणी एक लाख लोकांवर सरसकट केली, तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे आजारी किती? वर्गात हमखास उत्तर येते, “९९ टक्के.” मग फळ्यावर हिशेब मांडायचा. आजारी १००, त्यांतले ९९ पकडले गेले. निरोगी ९९,९००, त्यांतले ९९९ चुकून पॉझिटिव्ह ठरले. म्हणजे एकूण १,०९८ पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे आजारी ९९, जेमतेम ९ टक्के. ही आकडेमोड शाळकरी आहे. पण सरसकट तपासणीची मोहीम आखताना ती कुणी केली नाही, तर शेकडो निरोगी माणसे विनाकारण धास्तावतात आणि नको त्या उपचारांच्या वाटेला लागतात.

क्षेत्रकार्य हा दुसरा कणा. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत एक नेहमीचा प्रश्न असतो : गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले होते का? एका विद्यार्थिनीने तो विचारला, आई “नाही” म्हणाली, हिने रकान्यात ‘नाही’ लिहिले. मी शेजारीच होते. दिवसात पातळ शी किती वेळा झाली, असे विचारायला सांगितले. आई म्हणाली, “चार-पाच वेळा होत होती, पण ते दात येताना व्हायचंच.” चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच म्हणजे जुलाब, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या तिला पाठ होती. पण व्याख्या आणि आईचे उत्तर यांच्यात एवढे अंतर पडते, हे तिला त्या दारात उभे राहून कळले. अशी शंभर घरे चुकली, की कागदावर आजारच उरत नाही आणि पाण्याच्या तपासणीची गरजही कुणाला वाटत नाही.

पदवीनंतर काय, याबद्दल मी पालकांना फसवत नाही. या पदवीने रुग्ण तपासता येत नाहीत, औषध लिहून देता येत नाही. रोगसर्वेक्षण, आरोग्य शिक्षण, पाणी आणि अन्नाची सुरक्षितता, कामगारांचे आरोग्य, आरोग्य कार्यक्रमांचे नियोजन आणि मूल्यमापन अशी कामे असतात. सुरुवातीची पदे बहुधा साधी असतात. हे शिक्षण दीर्घकाळ प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर दिले गेले, त्यामुळे नोकरी देणाऱ्यांनाही पदवीधराला नेमके काय येते याचा अंदाज नसतो, आणि बरेच विद्यार्थी पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतात. पण देवीचा रोग जगातून गेला तो कुणाच्या बळावर, हेही पाहावे. नैसर्गिकरीत्या झालेल्या देवीचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला आणि १९८० मध्ये रोगाचे उच्चाटन जाहीर झाले. डॉक्टरांच्या जोडीने घरोघर फिरून रुग्ण हुडकणारे आणि त्यांच्या सान्निध्यातल्यांना लस टोचणारे असंख्य कार्यकर्ते त्यामागे होते.

प्रवेश घेणाऱ्यांनी माहितीपत्रकापलीकडे जाऊन संस्थेला काही गोष्टी थेट विचाराव्यात. क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि तेव्हा सोबत शिक्षक असतात का? संख्याशास्त्र खऱ्या माहितीवर, संगणकावर बसून शिकवतात, की नुसती सूत्रे पाठ करून घेतात? लोकांची माहिती गोळा करण्याआधी त्यांची संमती कशी घ्यायची, हे शिकवले जाते का? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर दुसरी संस्था पाहावी. हा विषय चार भिंतींत शिकवणे म्हणजे मुलांची वर्षे वाया घालवणे आहे, आणि दुर्दैवाने तसे घडतेही.

पुढील पुरवणीत या अभ्यासक्रमाला स्वतंत्र मथळा द्यावा आणि तो सध्या शिकत असलेल्या दोन-चार विद्यार्थ्यांशी बोलून लिहावे, ही विनंती.

आपली,
सार्वजनिक आरोग्य विषयाची एक अध्यापिका